टोयोटा ॲक्वा : १४ महिने, १९,००० किलोमीटर आणि एक हातमाग

गाडीला या १४ महिन्यांत काय काय झाले हे लिहायला बसलो, तेव्हा नोंदवहीची दोनच पाने भरलेली निघाली आणि त्यांतले एक पान पेट्रोलच्या हिशेबाचे होते. दुसऱ्या पानावर ऑइल बदलल्याच्या तीन तारखा, वायपरचे रबर, खिळा घुसून झालेले एक पंक्चर आणि ‘शाकेन’, म्हणजे जपानमधली सक्तीची वाहन-तपासणी, एवढ्याच नोंदी आहेत. इचलकरंजीला असताना माझ्याकडे दुसऱ्याच एका कंपनीची गाडी होती. ती घाटात रात्री बंद पडली आणि टोचन करून आणावी लागली, अशा नोंदींनी एक अख्खी वही भरली होती. त्यामुळे काहीच न घडणाऱ्या गाडीविषयी लिहायचे तरी काय, हा प्रश्न मला खरोखरच पडला. त्याचे उत्तर शोधताना मी या कंपनीच्या इतिहासात शिरलो, म्हणून हा अनुभव थोडा लांबला आहे.

मी जपानच्या आइची प्रांतातील कारिया या शहरात राहतो. २०२४ च्या उन्हाळ्यात मी येथे २०२१ सालची, ३१,००० किलोमीटर चाललेली ॲक्वा घेतली. ही टोयोटाची छोटी हायब्रिड गाडी असून तिची दुसरी पिढी जुलै २०२१ मध्ये बाजारात आली. दीड लिटरचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, विजेच्या मोटारी आणि बॅटरी अशी तिची रचना आहे. कंपनीचे माहेर माझ्या घराभोवती पसरलेले असले, तरी माझी गाडी मात्र आइचीत बनलेली नाही. ॲक्वा उत्तरेकडे, इवाते प्रांतातल्या कारखान्यात तयार होते.

आधी मायलेजविषयी. १९,००० किलोमीटरची माझी सरासरी लिटरला २७.४ किलोमीटर आहे. ऑक्टोबरमध्ये ती ३० च्या वर गेली आणि जानेवारी-फेब्रुवारीत २३ पर्यंत उतरली. हा फरक पाहून नवखा मालक घाबरतो. पण थंडीत गाडीच्या आतली हवा गरम ठेवण्यासाठी इंजिनाची उष्णता लागते, आणि मग एरवी सिग्नलला गप्प बसणारे इंजिन त्या उष्णतेसाठी चालू राहते, हे समजले की घाबरण्याचे कारण उरत नाही. टाकी ३६ लिटरची आहे, त्यामुळे महिन्यातून दीड-दोन वेळाच पंपावर जावे लागते. द्रुतगती मार्गावर ताशी ११० च्या पुढे गेले की हायब्रिडचा फायदा झपाट्याने कमी होतो. ही गाडी खरी शोभते ती शहरात, थांबत-थांबत जाताना.

आता मूळ प्रश्न : ती बिघडत का नाही? थोडे उत्तर तिच्या यंत्रणेतच आहे. या गाडीत क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, आणि गिअर बदलण्याची नेहमीची व्यवस्थाही नाही. ग्रहमालेसारख्या रचनेचा एक दंतचक्रांचा संच कायम एकमेकांत अडकलेला असतो, आणि इंजिन व विजेच्या दोन मोटारी आपापले बळ त्याच्यातून चाकांकडे पाठवतात. जे भाग एरवी झिजतात किंवा जळतात, त्यांतले बरेच येथे मुळातच नाहीत. ही रचना डिसेंबर १९९७ मध्ये आलेल्या पहिल्या प्रियस या टोयोटाच्या हायब्रिड गाडीपासून चालत आली आहे. ताकेशी उचियामादा यांच्या पथकाने ती गाडी घडवली, तेव्हा पहिला नमुना कित्येक आठवडे जागचा हलला नव्हता. माझ्या पायाखाली जे निमूटपणे चालते, त्यामागे त्यानंतरची पाव शतकाची घासाघीस आहे.

उरलेले उत्तर मला गेल्या ऑक्टोबरात मिळाले. आई-अण्णा महिनाभरासाठी आले होते आणि मी त्यांना नागोयातल्या टोयोटाच्या औद्योगिक संग्रहालयात नेले. १९११ सालच्या कारखान्याच्या लाल विटांच्या जागेवर ते उभे आहे. अण्णांनी उभा जन्म इचलकरंजीत यंत्रमाग चालवण्यात घालवला. मोटारींचे दालन पाहायला आलेला हा माणूस मागांच्या दालनातून दोन तास हललाच नाही. यंत्रमागाशी आमच्या गावाचे नाते १९०४ पासूनचे आहे. विठ्ठलराव दातारांनी त्या साली गावातला पहिला माग सुरू केला. ज्यांच्या घराण्यातून टोयोटा कंपनी निघाली, ते साकिची टोयोडा हे जपानमधले त्याच काळातले गृहस्थ. १८६७ साली एका सुताराच्या घरी जन्मलेल्या साकिचींनी लाकडी हातमागाचे पहिले पेटंट १८९१ मध्ये मिळवले आणि पुढच्या काही वर्षांत असा यंत्रमाग केला, की बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की तो आपोआप थांबे. १९२४ मध्ये त्यांचा ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग तयार झाला. त्यात बाण्याच्या सुताची कांडी संपत आली की माग न थांबता, पूर्ण वेगात ती कांडी वाहून नेणारा धोटाच बदलला जातो.

संग्रहालयातल्या सेविकेने ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा मुद्दाम तोडला आणि माग खटकन थांबला. अण्णा वाकून पाहत होते. “आमच्यात धागा तुटल्यालं ध्यानात येईस्तवर वीतभर कापड वाया गेल्यालं असायचं,” एवढेच ते बोलले. मग जॉबर, म्हणजे मागाची दुरुस्ती करणारा, येणार, माग जोडणार, आणि खराब कापडाचा हिशेब विणकराच्या मजुरीतून जाणार, हे त्यांनी सांगितले नाही, पण ते मी लहानपणी पाहिलेले आहे.

चूक झाली की यंत्राने स्वतःच थांबावे, या तत्त्वाला कंपनी ‘जिदोका’ म्हणते, आणि तो शब्द लिहिताना हालचालीच्या अक्षराला मुद्दाम माणसाचे चिन्ह जोडते. साकिचींच्या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने १ लाख पौंडांना घेतले. ज्या देशाने जगाला माग विकले, त्यानेच जपानी माग विकत घेतला, ही घटना आमच्यासारख्या मागवाल्यांना मोटारीपेक्षा जास्त थरारक वाटते. त्या पैशातूनच मोटारधंदा उभा राहिला, असे नेहमी सांगितले जाते. माझ्या मते पैशाहून मोठी गोष्ट म्हणजे बारीक मापाचे ओतकाम आणि यंत्रकाम करणारी माणसे त्यांच्या पदरी आधीच होती.

मोटारीचे वेड साकिचींच्या मुलाचे, किइचिरोंचे. १९३३ मध्ये त्यांनी माग बनवणाऱ्या कारखान्यातच मोटार विभाग उघडला. तो कारखाना कारियात होता, माझ्या घरापासून सायकलने जाण्याच्या अंतरावर. १९३५ साली आलेला त्यांचा पहिला ट्रक, जी-१, वाटेत वारंवार बंद पडे आणि कंपनीची माणसे दुरुस्तीसाठी धावत. विश्वासार्हतेसाठी आज ज्यांचे नाव घेतात, त्यांची सुरुवात टोचनपासूनच झाली, हे वाचून मला माझ्या जुन्या वहीची आठवण झाली. पुढच्या वर्षी बोधचिन्हासाठी स्पर्धा झाली आणि ‘टोयोडा’चे ‘टोयोटा’ झाले. जपानी लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहिता येते आणि आठ हा आकडा तेथे शुभ मानतात. २८ ऑगस्ट १९३७ रोजी स्वतंत्र मोटार कंपनी स्थापन झाली. ज्या कोरोमो गावी तिचा मोठा कारखाना उभा राहिला, त्या गावाचेच नाव १९५९ मध्ये टोयोटा असे करण्यात आले. एखाद्या गावाने कारखान्याचे नाव घ्यावे हे मला आजही थोडे खटकते.

१९५० मध्ये कंपनी बुडण्याच्या बेतात होती. कामगारकपातीवरून मोठा संप झाला आणि किइचिरोंनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. लगेचच कोरियन युद्ध पेटले, ट्रकांची मागणी आली आणि कंपनी तरली. किइचिरो मात्र १९५२ मध्ये वारले, सुगीचे दिवस त्यांना दिसले नाहीत. त्या टंचाईच्या काळात ताइइची ओनो यांनी जी कामाची पद्धत घडवली, ती पुढे जगाने उचलली. ओनोही मूळचे टोयोडांच्या सूतगिरणीतले. पुढच्या टप्प्यावर लागेल तेवढाच आणि लागेल तेव्हाच माल करायचा, त्यासाठी चिठ्ठी फिरवायची, आणि दोष दिसला तर साध्या कामगारानेही दोरी ओढून मदतीला हाक मारायची व गरज पडल्यास सगळी ओळ थांबवायची : यातली दोरी म्हणजे मागाचा तो तुटलेला धागाच होय. कारखान्याची ओळ थांबवणे किती महागाचे असते हे ज्याला माहीत आहे, त्यालाच ती दोरी कामगाराच्या हाती देण्यातले धाडस कळेल.

म्हणून या कंपनीकडून चुका झाल्याच नाहीत असे नव्हे. १९५७ मध्ये अमेरिकेत पाठवलेली क्राउन ही गाडी तेथल्या महामार्गांवर दमली आणि निर्यात आवरती घ्यावी लागली. २००९-१० मध्ये आपोआप वेग वाढण्याच्या तक्रारींवरून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि अध्यक्ष आकिओ टोयोडा यांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभे राहावे लागले. सर्वांत बोचणारी गोष्ट जानेवारी २०२४ मधली : टोयोटा इंडस्ट्रीज, म्हणजे मूळचा माग बनवणारा कारखानाच, डिझेल इंजिनांच्या प्रमाणपत्र-चाचण्यांत गैरप्रकार केल्याचे कबूल करून बसला. कारियात त्या आठवड्यात दुकानांतले बोलणे जरा हळू झाले होते. धागा तुटला की थांबायचे, ही शिकवण ज्यांच्या घरातून निघाली, त्यांच्याकडे धागा तुटूनही माग चालूच होता. मी गाडी घेतली ती ही बातमी वाचून झाल्यावर. जुन्या गाडीची देखभालीची कागदपत्रे म्हणूनच दोनदा तपासली.

गाडीकडे परत येतो. पुढच्या दोघांसाठी ती उत्तम आहे. मागे आई-अण्णा आरामात बसले, पण तिघांना लांबचा प्रवास घडवायची ही गाडी नव्हे आणि तिचा तसा दावाही नाही. चालवण्यात रोमांच शोधणाऱ्याने हिच्या वाटेला जाऊ नये. मागच्या बाजूला घरच्यासारखा १५०० वॅटचा विजेचा प्लग आहे, तो भूकंप-वादळासाठी दिलेला असला तरी आम्ही नदीकाठी त्यावर शेगडी लावून पोहे केले, आणि इंजिन अधूनमधून आपणहून चालू होऊन बॅटरी भरत राहिले.

महाराष्ट्रातल्या वाचकांना ही गाडी तेथे मिळायची नाही, पण तीच हायब्रिड परंपरा असलेली टोयोटा भारतात बनते. टोयोटा उद्योगसमूहाने किर्लोस्करांशी १९९५ मध्ये जुळवलेला धागा मोटारीचा नव्हता, तर सूतगिरणीच्या यंत्रांचा होता. मोटारीची कंपनी त्यानंतर दोन वर्षांनी, १९९७ मध्ये आली. अण्णांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली, जणू क्रम तसाच असायला हवा होता.

पुढचे शाकेन डिसेंबर २०२६ मध्ये आहे. तोवर टायर बदलावे लागतील, बहुधा बारा व्होल्टची छोटी बॅटरीही. नोंदवहीच्या तिसऱ्या पानावर तेवढ्या दोन ओळी मी आत्ताच मोकळ्या सोडल्या आहेत.