पाणी उकळावं की क्लोरीन घालावं?

कॉलऱ्याची साथ आली की हा प्रश्न हमखास निघतो. निव्वळ जंतू मारण्यात उकळणं सरस. पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की कॉलऱ्याचा जंतू व्हिब्रिओच काय, क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी जंतूही मरतो. पाणी गढूळ असलं तरी बिघडत नाही.

खरी गोम पुढे आहे. उकळून गार केलेल्या पाण्याला कुणी राखणदार नसतो. न धुतलेला हात बुडाला की जंतू परत आत. क्लोरीनचं तसं नाही. मात्रा घालून अर्धा तास थांबल्यावर लिटरमागे निदान ०.५ मिलिग्रॅम मुक्त (म्हणजे खर्ची न पडलेलं) क्लोरीन शिल्लक असेल, तर साठवलेल्या पाण्यातही ते काम करत राहतं. गढूळ पाण्यात मात्र ते गाळावरच खर्ची पडतं, म्हणून आधी पाणी निवळून गाळून घ्यायचं. वासाची तक्रार होतेच, पण ती सोसण्यासारखी.

मोठ्या वस्तीसाठी, त्यातही इंधनाची चणचण असेल, तर माझं मत क्लोरीनला. घरात इंधन आणि तोटीचं झाकणबंद भांडं असेल, तर खुशाल उकळा. जुलाब सुरू झालेल्या माणसाला मात्र लगेच ओआरएस पाजायला लागा आणि दवाखान्यात न्या.