जुन्या पीसीसाठी एम.2 एसएसडी घेताय? आधी स्टिकरखाली काय छापलंय ते बघा

पुण्याच्या तपकीर गल्लीत 3,450 रुपये बुडाले. 512 जीबी एम.2 एसएसडीचे 2,850, एम.2-टू-साटा अडॅप्टरचे 450, वर ‘टेस्टिंग’चे 150. एम.2 हा नुसता पट्टीसारखा आकार; आतली जोडणी दोनपैकी एक: साटा (जुन्या हार्ड डिस्कचीच) किंवा एनव्हीएमई (पीसीआयई या बोर्डावरच्या वेगवान मार्गाने चालणारी). पीसी एच61 या जुन्या मदरबोर्डाचा, त्यावर फक्त साटा पोर्ट; हे दुकानदाराला आधीच सांगितलं होतं. “दादा, अडॅप्टर सगळं कन्व्हर्ट करतो.” धादांत खोटं! त्या पट्टीवर 5 व्होल्टचे 3.3 करणारा रेग्युलेटर असतो आणि बाकी लाइनी सरळ जोडलेल्या. आत साटा एसएसडीच लागतो. एनव्हीएमई लावला की बायोसमध्ये काही म्हणजे काही दिसत नाही. आणि माझ्या गळ्यात मारला तो एनव्हीएमईच.

एसएसडीच्या पिनांमधल्या खाचा मी मोजल्या होत्या. एकच असती तर तिथेच परत केला असता. दोन होत्या, साटाला असतात तशाच. पण पीसीआयईच्या दोनच लेन वापरणाऱ्या काही एनव्हीएमईलाही दोन खाचा असतात, म्हणून तो अडॅप्टरमध्ये चपखल बसतो आणि चालत मात्र नाही. खाचांवर विसंबू नका, लेबल वाचा.

लेबलच झाकलेलं होतं. दुकानाचा चंदेरी वॉरंटी स्टिकर नेमका इंटरफेसच्या ओळीवर, कडेतून ‘जेन3’ एवढंच दिसत होतं. जेन3 साटाचाही असतो आणि पीसीआयईचाही, म्हणजे नेमकं काय ते कळतच नव्हतं. तिथेच हात आखडता घ्यायला हवा होता. पण दुकानदाराने यूएसबी केसिंगमध्ये घालून स्क्रीनवर 476 जीबी दाखवले, आणि कुणालाही ते पटलं असतं. त्या केसिंगमध्ये एनव्हीएमईला यूएसबीशी जोडणारी ब्रिज चिप होती. त्या टेस्टिंगला काडीचा अर्थ नाही. टेस्ट साटा केबलवर, तुम्ही घेताय त्याच अडॅप्टरमध्ये करून मागा.

परत गेलो तर “उघडलेला माल घेत नाही.” हातात कच्ची पावती, जीएसटी नंबर नाही. चौकीत म्हणाले, दिवाणी मामला आहे. ग्राहक हेल्पलाइनवर आधी “विक्रेत्याशी बोला”, मग “पक्कं बिल अपलोड करा”. अहो, पक्कं बिल दिलं नाही हीच तर तक्रार आहे! ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा. बिलावर मुदत नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही, सगळं स्वतः शोधावं लागलं.

बिलावर ‘साटा’ हा शब्द लिहून घ्या. लॅपटॉपच्या डीव्हीडीच्या जागी कॅडी (एसएसडी बसवायची चौकट) टाकणार असाल तर आधी जाडी मोजा, 9.5 मिमी की 12.7. मोलेक्स (जुना चार पिनांचा पॉवर प्लग)-टू-साटा पॉवर केबल ओतीव प्लगची नको. आत तारा चिकटून शॉर्ट होतात, प्लग जळतो. आणि डेस्कटॉपला मुळात 2.5 इंची साटा एसएसडीच घ्या, त्याला हा अडॅप्टर लागतच नाही.

आज 19 वा दिवस. माल परत घेण्याची लेखी मागणी स्पीड पोस्टाने गेली आहे, स्टिकर सोलल्यावरच्या लेबलाच्या फोटोसकट.