अमेरिकेतला लॉक फोन की नवी पेठेतला?

भाचा अमेरिकेतून आयफोन आणतोय, स्वस्तात पडतोय, असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो: फोन कंपनीच्या हप्त्यावरचा आहे का? तिथे एटी अँड टी, टी-मोबाइलसारख्या कंपन्या असा फोन आपल्याच नेटवर्कला बांधून ठेवतात. सोलापुरात त्यात जिओ-एअरटेल चालत नाही. लॉक अधिकृतपणे काढते ती कंपनीच, तेही सगळे हप्ते फिटल्यावर. म्हणून भाच्याने तिथे असतानाच अर्ज करावा. सेटिंग्ज, जनरल, अबाउटमध्ये ‘कॅरियर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलं तरच फोन घ्या. शिवाय आयफोन १४ पासून तिथल्या मॉडेलांना सिमची जागाच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं डिजिटल सिम. सिमची जागा असलेल्या जुन्या मॉडेलात सिमखाली चिप घालून लॉक उघडून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. अपडेट आलं की नेटवर्क जाऊ शकतं.

सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात पैसे जास्त जातात, पण फोन बहुधा बिनलॉकचाच असतो आणि पक्कं बिल हातात येतं. जिओभारत हा साधा कीपॅड फोन मात्र जिओच्याच सिमवर चालतो.

स्वतः ई-सिम सांभाळू शकणाऱ्याने अमेरिकेतला अनलॉक केलेला फोन जरूर घ्यावा. आईवडिलांसाठी मी इथलाच घेईन.