नौपाड्यातला ‘एक क्रियापद’ वर्ग: टिपणं स्पॅनिश, चुका मराठी

ठाण्याला नौपाड्यात रविवारी सकाळी पुढच्या पातळीच्या इंग्रजी क्रियापदांचा एक वर्ग भरतो. दीड तासात एकच क्रियापद, पण ते पुरतं पिंजून काढतात. ही पद्धत मनापासून आवडली. टिपणं मात्र मूळ स्पॅनिश भाषकांसाठी केलेली आहेत आणि घोडं तिथेच अडतं.

‘फोरगो’चा धडा घ्या. मिळत असलेली गोष्ट आपणहून न घेणं, हा त्याचा अर्थ. स्पॅनिशमध्ये यासाठी ‘रेनुन्सिआर’ आहे आणि त्यामागे ‘आ’ लागतो, म्हणून ते लोक ‘फोरगो टू द बोनस’ म्हणून बसतात. टिपणात याच चुकीवर अर्धं पान खर्ची पडलंय. आपण बोनस‘वर’ पाणी सोडतो, तेव्हा आपल्या तोंडी ‘ऑन’ यायचा धोका. मध्ये काहीच नको: ‘शी फोरवेंट द बोनस.’ रूपं गो, वेंट, गॉनच्याच चालीवर: फोरगो, फोरवेंट, फोरगॉन. स्पेलिंगमध्ये ‘आर’नंतर ‘ई’ घालू नका. ‘ई’वालं ‘फोर’ म्हणजे ‘आधी’, जसं फोरकास्टमध्ये. काही शब्दकोश ‘ई’ चालवून घेतात, तरी ऑफिसच्या पत्रात नकोच.

खरी उणीव ‘सोडणे’ची. मराठीत सिगारेट, हिस्सा, व्याज सगळं आपण सोडतोच. इंग्रजीत प्रत्येकाची सोय वेगळी. सिगारेट ‘गिव्ह अप’ करायची. हक्कसोडपत्रात बहीण वडिलोपार्जित घरातला हिस्सा सोडते तेव्हा ‘रिलिंक्विश’, कारण हिस्सा आधीपासून तिचाच होता. सोसायटीने थकबाकीवरचं व्याज सोडलं तर ‘वेव्ह’ (waive, लाट नव्हे). घेणेकऱ्यानेच वसुली माफ केली. आणि ओव्हरटाइम मिळत असताना घरी राहिलात, तर तो तुम्ही ‘फोरगो’ केलात. हे चार खण फळ्यावर एकदा आखले असते तर निम्मा गोंधळ मिटला असता.

उच्चाराची पंधरा मिनिटं ‘ब’ आणि ‘व’ वेगळे काढण्यात जातात. स्पॅनिशमध्ये त्या दोन अक्षरांचा उच्चार एकच, त्यांना ते हवं. आपल्याला हवा दोन इंग्रजी ‘व’मधला (w आणि v) फरक, आणि त्याला ‘वेव्ह’सारखा दुसरा शब्द नाही. सुरुवातीला ओठ गोल, दात लांब. शेवटी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून आवाज घासत सोडायचा. आरशासमोर दहा वेळा म्हटलं की फरक जाणवतो.

एवढं असूनही वर्ग लावण्यासारखा आहे, विशेषतः ज्यांना रोज इंग्रजी मेल लिहावे लागतात त्यांनी. फक्त टिपणातला स्पॅनिश रकाना खोडून तिथे मराठी क्रियापद त्याच्या विभक्तीसकट लिहून ठेवा: ‘ला’, ‘वर’, ‘पासून’, जे असेल ते.