पंच्याहत्तरीचं सरप्राइज: 'धिस इज युवर लाइफ', 'जीना इसी का नाम है' की पोस्टमनचं पत्र?

गणपतीत मुंबईचे सगळे गावी असतात म्हणून आपल्याकडे कोकणात आजोबांची पंच्याहत्तरी, आजीचं सहस्रचंद्रदर्शन तेव्हाच उरकतात, आणि आता नुसतं औक्षण आणि जेवण करून पोरांचं मन भरत नाही, त्यांना टीव्हीवर दाखवतात तसं जुनी माणसं अचानक समोर आणून आख्खं आयुष्य उलगडायचं असतं. जरूर करा, खूप सुंदर गोष्ट आहे. फक्त टीव्हीवर हे वेगवेगळ्या पद्धतींनी झालंय आणि आपल्या माणसाला कुठली झेपेल हे आधी ठरवा.

सगळ्यात जुना 'धिस इज युवर लाइफ'. अमेरिकेत राल्फ एडवर्ड्सने १९४८ मध्ये रेडिओवर सुरू केला, मग १९५२ ते १९६१ टीव्हीवर. यात पाहुण्याला कसलाच पत्ता नसतो, भलत्याच निमित्ताने बोलावतात आणि एकदम समोर येऊन सांगतात की आज तुमचं आयुष्य. मग पडद्यामागून आधी फक्त आवाज येतो, पाहुणा तो ओळखायचा प्रयत्न करतो, आणि मग माणूस बाहेर येतो. ही आवाजाची युक्ती कुठल्याही पद्धतीत उचला, लाखात एक आहे. १९५३ मध्ये हॅना ब्लॉक कोनर म्हणून नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या बाई होत्या, त्यांच्यासमोर इस्राएलहून थेट भावाला आणलं होतं. या प्रकाराची ताकद बघायची तर तो भाग बघा.

पण याच कार्यक्रमाने १९५५ मध्ये काय केलं तेही ऐका. हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेले पाद्री कियोशी तानिमोटो तिथल्या भाजलेल्या मुलींच्या उपचारांसाठी अमेरिकेत आले होते, त्यांना स्टेजवर बसवून समोर उभा केला रॉबर्ट लुईस, म्हणजे बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचा सहवैमानिक! आधी न सांगता, देशभर टीव्हीवर. मला हे अजिबात पटत नाही, आणि मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे घराघरात भावकी आहे, सामाईक जमिनीच्या केसी आहेत, आणि वीस वर्षं न बोलणाऱ्या भावाला अशा दिवशी समोर आणून समेट घडवू असं कुणाला तरी हमखास सुचतं. नका करू हो. समेट करायचा तर आधी चार भिंतींच्या आत करा. याच कार्यक्रमाच्या इंग्लंडमधल्या बीबीसीच्या आवृत्तीत १९६१ साली डॅनी ब्लँचफ्लावर या फुटबॉलपटूने सरळ नकार दिला आणि तो निघून गेला, पण आख्खी वाडी जमलेली असताना स्वतःच्याच घरातून आजोबा कुठे जाणार?

शिवाय गुपित टिकायला हवं. बीबीसीच्या १९५५ च्या पहिल्याच भागाचा पाहुणा, स्टॅन्ली मॅथ्यूज, पेपरात फुटला आणि ऐनवेळी सूत्रसंचालक इमन अँड्र्यूजलाच पाहुणा करावं लागलं. आपल्याकडे तर तुतारी एक्स्प्रेसने उतरलेला माणूस रिक्षातून वाडीत शिरेपर्यंत चार घरांनी विचारलेलं असतं, कोणाकडे ओ?

दुसरी पद्धत झी टीव्हीच्या 'जीना इसी का नाम है'ची, फारूख शेख यांचा. पाहुणा गप्पांसाठी म्हणून येऊन बसलेला असतो, पण कोण कोण भेटायला येणार ते त्याला माहीत नसतं. माझं मत विचाराल तर घरच्यासाठी हीच करा. आजीला आवडीचं पातळ नेसता येतं, आजोबा दाढी करून कानाचं मशीन लावून बसतात, मनाची तयारी असते, आणि तरी शाळेतला मित्र किंवा गिरणीतला सोबती दारात दिसला की व्हायचं ते होतंच. फारूख शेख घाई करायचे नाहीत, हळू आवाजात विचारायचे आणि समोरच्याला बोलू द्यायचे, तसा एखादा शांत भाचा किंवा पुतण्या सूत्रसंचालनाला बसवा, माइक हातात आला की न थांबणारा नको.

तिसरी म्हणजे 'चला हवा येऊ द्या'मधलं पत्र. सागर कारंडे पोस्टमन होऊन यायचा आणि अरविंद जगताप यांनी लिहिलेलं पत्र वाचायचा, हसून हसून दमलेला पाहुणा डोळे पुसायचा. माणसं गोळा करायची धावपळ नाही, खर्च नाही, मुलगा शिपवर किंवा आखातात असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण भर पावसात व्हिडिओ कॉल लागेल याचा काय भरवसा. पत्र मागे राहतं, आजी पुन्हा कुणाकडून तरी वाचून घेऊ शकते. फक्त लिहिणाऱ्याने एकच खरा प्रसंग धरावा. 'तुम्ही आमच्यासाठी खूप केलं' असं लिहिलंत तर कुणालाच काही होणार नाही, पण फीसाठी आंब्याची कुठली कलमं विकली ते लिहा आणि बघा.

हार्टचा त्रास असेल, माणूस अबोल असेल तर नुसतं पत्र बस झालं. बाकीच्यांना दुसरी पद्धत आणि शेवटी एक पत्र. बोलवायच्या माणसांची यादी आधी आजीला (आजीचं असेल तर आजोबांना) दाखवा, ती नको म्हणेल ते नाव कारण न विचारता काढून टाका. आणि वेळ दुपारी चारची धरा, संध्याकाळच्या आरत्या आणि भजनं सुरू झाली की कोणी बसायचं नाही, प्रोजेक्टरच्या भरवशावर राहू नका, लाइट गेली तर पंचाईत, फोटो छापूनच आणा.