देशी रोपं कुणाखाली उठतात: ऑस्ट्रेलियन बाभूळ की उंबर?

कोकण-गोव्यातल्या जांभा दगडाच्या जमिनीवर ऑस्ट्रेलियन बाभूळ झटपट सावली धरते, मातीत नत्रही वाढवते. पण तिचा चिवट पाचोळा लवकर कुजत नाही. अंजनी, पिसा या देशी झाडांचं बी त्यावर पडलं, की मूळ मातीला टेकण्याआधीच सुकतं. म्हणून पावसाच्या तोंडावर हातभर रुंद पट्टे खरवडून माती उघडी करावी. बाभळीची विरळणी टप्प्याटप्प्यानेच करावी. एकदम तोडली तर उन्हात रानमोडीचं तण माजतं, बाभळीचंच बी उसळतं.

उंबराला ओल लागते, सुरुवातीला जपावाही लागतो. तरी आमचं झुकतं माप त्यालाच: फळांवर बुलबुल, धनेश, वटवाघळं येतात आणि विष्ठेतून इतर झाडांचं बी खाली टाकतात. जवळ असं बी पुरवणारी जुनी देवराई नसेल, तर मात्र रोपं हातानेच लावावी लागतात.