सोन्याचं घड्याळ रोज वापरायचं, तर कोणत्या बाहीखाली कोणतं?

सोन्याचं घड्याळ लॉकरसाठी घेत असाल तर रंग, पॉलिश, पट्टा काहीही निवडा, फरक पडत नाही. पण ते रोज ऑफिसला, दुचाकीवर, लग्नकार्यात हातात राहणार असेल, तर दुकानाइतकंच स्वतःचं कपाटही बघायला हवं, कारण रोजच्या बाहीखाली सोन्यावर चरे पडतात. दुकानात बहुतेक जण पिवळं की गुलाबी यावर अडतात. चऱ्यांच्या हिशेबाने तो प्रश्न दुय्यम आहे. पृष्ठभाग आरशासारखा आहे की बारीक रेघांचा, पट्टा सोन्याचा की चामड्याचा, आणि त्यावरून रोज कसली बाही सरकणार, हे आधी ठरवा.

सोनं मऊ, पण किती?

महागड्या घड्याळांत सहसा १८ कॅरेट सोनं असतं, म्हणजे हजारात ७५० भाग सोनं. उरलेले २५० भाग मुख्यतः तांबं आणि चांदी. नेहमीच्या पिवळ्या मिश्रधातूत दोन्ही १२५-१२५ भाग, तर लालसर सोन्यात तांबं २०५ आणि चांदी ४५. कडकपणा मोजायच्या विकर्स मापावर शुद्ध सोनं २५-३० च्या आसपास येतं. १८ कॅरेटचं घडणीनुसार साधारण १२० ते २००. घरातल्या २२ कॅरेटच्या पाटल्यांपेक्षा ते बरंच कडक आहे. घड्याळांतलं ३१६ एल स्टील साधारण १५० ते २२० मध्ये बसतं. म्हणजे स्टील फार पुढे आहे असं नाही. लालसर सोनं पिवळ्याहून किंचित कडक असतं, पण शर्टाच्या कफाला तो फरक कळत नाही.

मग सोन्यावरच चरे जास्त का दिसतात? स्टील ओरखडा पडतापडता त्या जागी आणखी कडक होतं, सोनं मात्र सहज बाजूला सरकतं. शिवाय सोन्याच्या घड्याळांना मोठे चकचकीत सपाट भाग देण्याची रीत आहे, आणि आरशावर केसाएवढी रेघही लपत नाही. १८ कॅरेट सोन्याची घनता सुमारे १५ (ग्रॅम दर घनसेंटिमीटर), स्टीलची ८. तेवढ्याच आकाराचं सोन्याचं घड्याळ दाराच्या चौकटीवर आपटलं की पोचा खोल पडतो. पोचा ही मात्र कपड्यांची करामत नव्हे. काचेची चिंता सोडा. ती नीलमणी (सॅफायर) काच असेल तर खनिजांचा कडकपणा १ ते १० मध्ये मोजणाऱ्या मोस मापावर ९ वर आहे, कापडच काय, रेतीही तिला सहसा काही करत नाही.

चरे पाडतं कोण?

सुती, लोकरी किंवा रेशमी धागा सोन्यापेक्षा मऊच. चरे पाडतो तो धाग्यांत अडकलेला कण. हवेतल्या धुळीत क्वार्ट्झ (गारेचं खनिज) असतं, मोस मापावर ७. सोनं ३ च्या आसपास. दख्खनच्या काळ्या दगडाच्या धुळीत क्वार्ट्झ कमी, पण त्यातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजंही ५.५-६ ची, म्हणजे सोन्याला पुरून उरणारी. बांधकाम चालू असलेल्या रस्त्यावरून दुचाकीने आलात की बाहीची कड बारीक पॉलिशपेपरचं काम करायला तयार असते. कण, दाब आणि घसरण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की चरा पडतो. यातली एक काढली तरी पुरतं, आणि कापडात सर्वांत सोपं आहे ते दाब काढणं.

गुळगुळीत कृत्रिम कापड घड्याळाला सौम्य, हा समज तपासून घ्या. पॉलिएस्टरच्या धाग्याची अंगची चकाकी मारायला त्यात टायटॅनियम डायऑक्साइड मिसळतात. कापड कारखान्यांत हाच पदार्थ धागा वळवणाऱ्या भागांना झिजवतो. तलम सुती शर्ट त्यापेक्षा बरा.

बाह्यांची तुलना

*पूर्ण बाहीचा फॉर्मल शर्ट.* रोज वापरणाऱ्यांसाठी हाच मुख्य मामला. घड्याळ डाव्या हातात असेल तर ९ च्या बाजूची केसची (घड्याळाच्या धातूच्या पेटीची) भिंत कोपराकडे असते. बाही तिथे सतत धडकते. बेझलच्या (काचेभोवतीच्या कड्याच्या) वरच्या पृष्ठभागावरून कफ दिवसभर मागेपुढे होतो. वापरलेलं घड्याळ बघताना हे दोन भाग तिरक्या उजेडात धरा, पूर्वीचा मालक कसा राहायचा ते कळतं. कफ घट्ट असेल आणि घड्याळ १२ मिलिमीटरहून जाड, तर दाब कायमचा. कांजी घातलेला कफ त्याहून वाईट. शिंप्याला माप देताना घड्याळ हातात ठेवा आणि त्या बाजूचा कफ दुसऱ्यापेक्षा अर्धा इंच मोठा शिवायला सांगा. जाडी ८-९ मिलिमीटर असेल तर एवढीही गरज पडत नाही, घड्याळ कफाखाली सरकून तिथेच राहतं. उलट बाजूही आहे: खाचांचं बेझल आणि क्राउन (चावीचं बटण) कफाची कड उसवतात. अशा जोडीत घड्याळाआधी शर्ट निकालात निघतो.

*कफलिंक.* दुमडलेल्या कफाची फट करंगळीच्या बाजूला येते, म्हणजे घड्याळाच्या १२ च्या टोकाजवळ. कफलिंकची मागची फिरती दांडी पितळी किंवा स्टीलची, वर बऱ्याचदा ऱ्होडियमचा कडक थर. ती केसच्या टोकाला किंवा ब्रेसलेटच्या पहिल्या कडीला लागली की कापडासारखी धूसर रेघ पडत नाही, नखाला लागेल असा चरा पडतो. कफलिंक घालायचीच तर रेशमी गाठीची घाला.

*जीन्स.* बाही नाही म्हणून लोक तिला विसरतात. हात खिशात जातो तेव्हा घड्याळ खिशाच्या तोंडाशी असलेल्या रिव्हेटवर (धातूच्या टिकलीवर) घासतं. लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी १८७३ मध्ये पेटंट घेतलेले हेच ते रिव्हेट. गंमत अशी की त्याच पॅन्टला खिशातल्या घड्याळासाठी वेगळा छोटा खिसा होता, तो अजून आहे. मनगटी घड्याळाची सोय कुणी केली नाही. दुसरा दोष दिसत नाही. स्टोनवॉश जीन्स प्युमिस या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाबरोबर धुतात, आणि त्या दगडाची भुकटी शिवणीत आणि खिशात उरते. नवी स्टोनवॉश पॅन्ट उलटी करून, खिसे बाहेर काढून दोनदा धुवा. डेनिमचं जॅकेट त्याहून त्रासदायक, कारण त्याच्या कफावर धातूचं बटणही येतं.

*ब्लेझर आणि स्वेटर.* ब्लेझरच्या बाहीचं अस्तर मऊ आणि सैल, त्यामुळे ही बाही सर्वांत निरुपद्रवी. स्वेटरची कड लवचीक असल्याने घड्याळाला आवळते आणि लोकर धूळ धरून ठेवते. स्वेटर घालताना घड्याळ त्याखाली पूर्ण घ्या किंवा काढून ठेवा. अर्धं आत अर्धं बाहेर ही सर्वांत वाईट अवस्था.

*दुचाकीचं जॅकेट.* मनगटाशी स्टीलची चेन असेल तर सोन्याचं घड्याळ आतल्या खिशात, मऊ पिशवीत. यावर तडजोड नको.

*शेरवानी, साडी, बांगड्या.* जरदोजीतल्या धातूच्या तारा, काचेचे खडे आणि आरसेकाम सगळं सोन्याला चरे पाडू शकतं. पदर डाव्या खांद्यावरून येऊन बऱ्याचदा त्याच हातावर घेतला जातो, तिथेच घड्याळ असतं. काठापदराच्या जड साडीबरोबर घड्याळ उजव्या हातात घातलं तर निम्मा प्रश्न सुटतो. काचेच्या बांगड्या मोस मापावर साधारण ५.५ च्या, त्या घड्याळाच्या हातात नकोतच. हिऱ्याच्या बांगडीपुढे तर नीलमणी काचही टिकत नाही. २२ कॅरेटच्या पाटल्या आणि घड्याळ एका हातात असतील तर आधी पाटल्या झिजतात, पण घड्याळही कोरं राहत नाही.

मग कोणतं घ्यावं?

*चकचकीत केस, सोन्याचंच ब्रेसलेट.* दिसायला सर्वांत देखणं, रोजच्या वापराला सर्वांत नाजूक. बाहीचे चरे बेझलवर आणि बाजूच्या भिंतीवर, तर क्लास्पवर (ब्रेसलेट बंद करायच्या पट्टीवर) टेबलाचे आणि लॅपटॉपचे. ब्रेसलेटच हवं तर कड्या लहान आणि गोलसर असलेलं बघा, मोठ्या सपाट चकचकीत कड्या टाळा. रोलेक्सच्या प्रेसिडेंट ब्रेसलेटमध्ये बाहेरच्या कड्या रेघांच्या आणि मधल्या चकचकीत असतात, ही विभागणी शहाणपणाची आहे.

*रेघांची केस.* एकाच दिशेने बारीक रेघा ओढलेल्या पृष्ठभागावर त्याच दिशेचा चरा हरवून जातो, आडवा मात्र दिसतो. कफाची घसरण बहुतांश हाताच्या लांबीच्या दिशेने होते, हे बेझलवरच्या रेघांची दिशा बघताना लक्षात ठेवा. खाचांचं बेझलही असंच तारून नेतं, कारण त्यावर सलग सपाट जागाच नसते.

*चामड्याचा पट्टा, पातळ सोन्याची केस.* फॉर्मल शर्टवाल्यांसाठी आमची पहिली पसंती हीच. सोन्याचा उघडा भाग निम्म्याहून कमी होतो, क्लास्पऐवजी लहानसं बकल, आणि पातळ असल्याने कफाचा दाब नाही. उणीव एकच, कोकण-मुंबईच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात चामडं घामाने लवकर खराब होतं. दोन पट्टे ठेवावेत.

*स्टील आणि सोन्याचं दुरंगी.* चरे स्टीलवरही पडतात, पण सोनं कमी असल्याने काळजी कमी. अशा घड्याळात सोनं नेमकं कुठे आहे ते पाहा. बेझल आणि मधल्या कड्यांवर असेल तर सर्वांत उघड्या जागीच ते आहे.

*सोनेरी मुलामा.* पीव्हीडी (निर्वात पेटीत वाफेने चढवलेल्या) थरांत बऱ्याचदा खाली टायटॅनियम नायट्राइड असतं, ते फार कडक. साध्या बाहीने त्याला काही होत नाही. पण थर काही मायक्रॉनचाच. कडेवर एकदा झिजून खालचं स्टील दिसलं की पॉलिशचा उपाय उरत नाही, थर पुन्हा द्यावा लागतो. भरीव सोन्यात आतही सोनंच असल्याने चरा काढता येतो. वर्षानुवर्षं वापरायचं असेल तर भरीव सोनं, चार-पाच वर्षांचा विचार असेल तर मुलामा पुरे.

*विशेष मिश्रणं.* हुब्लो या स्विस घड्याळ कंपनीच्या मॅजिक गोल्डमध्ये बोरॉन कार्बाइड या अतिकडक सिरॅमिकच्या सच्छिद्र साच्यात सोनं भरलेलं असतं. ते १८ कॅरेटचंच, पण विकर्स मापावर १००० च्या जवळ. कपड्यांचा प्रश्नच मिटतो, रंग मात्र जरा मळकट. हे तुम्हाला आवडणार असेल तर वरचं सगळं वाचायची गरज नव्हती.

पुसताना होणारी चूक आणि पॉलिश

घड्याळावर धूळ दिसली की हात आपोआप शर्टाच्या टोकाकडे किंवा पदराकडे जातो. कोरडी धूळ कापडाने दाबून पुसणं म्हणजे दिवसभरात बाहीने करायचं काम दहा सेकंदांत उरकणं. आधी फुंकणीने धूळ उडवा. घड्याळ ५० मीटर किंवा अधिक पाणीरोधक असेल, क्राउन नीट बंद असेल आणि पट्टा धातूचा असेल, तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब टाका, लहान मुलांच्या मऊ ब्रशने कड्यांच्या फटी धुवा, मग साध्या पाण्याने खळबळा. मायक्रोफायबर कापडाने टिपा, घासू नका. ३० मीटरवाल्या घड्याळाला नळाखाली धरू नका, ओलसर कापड पुरे.

पॉलिश करणारे तयार कापड घरी वापराल तर फक्त चकचकीत भागावर. त्यात अपघर्षक (घासून झिजवणारा पदार्थ) असतो, रेघांच्या पृष्ठभागावर लागला की तिथे चकाकता डाग पडतो. दर वेळी पॉलिशला थोडं सोनं जातं आणि धारदार कडा गोलावतात. सर्व्हिसिंगला देताना ‘पॉलिश नको’ असं कामाच्या पावतीवर लिहून घ्या, नाहीतर बऱ्याच ठिकाणी ते न विचारताच होतं. ओळखीच्या सोनाराकडे दागिन्यांबरोबर घड्याळ पॉलिशला देऊ नका. त्याचा बफ (पॉलिशचं फिरतं चाक) पाटल्यांच्या गोलाईला योग्य आहे. घड्याळाच्या केसवर तो रेघा पुसतो, कडा खातो आणि मागच्या झाकणावरचा ७५० चा शिक्का पुसट करतो.